भ्रूणविकासाचे कालनियंत्रण

भ्रूणविकासाचे कालनियंत्रण म्हणजे फलित अंड्यापासून जन्मापर्यंतच्या घटना कोणत्या क्रमाने, केव्हा आणि किती वेगाने घडाव्यात हे ठरवणाऱ्या जैविक यंत्रणा होत. भ्रूण पूर्ण तयार होण्यास लागणारा काळ प्राण्यागणिक फार वेगळा असतो. फळमाशीची अळी २५ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण एका दिवसात अंड्याबाहेर येते. उंदराचे पिल्लू १९ ते २० दिवसांत जन्मते, कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत अंडे फोडते आणि हत्तिणीची गर्भधारणा सुमारे २२ महिने चालते. असे असूनही पृष्ठवंशीय प्राण्यांच्या भ्रूणांत सुरुवातीच्या पायऱ्यांचा क्रम बराचसा सारखाच असतो; त्या पायऱ्या घडवून आणणारी जनुकेही बव्हंशी तीच असतात. क्रम आणि साधने सारखी असताना वेग मात्र इतका भिन्न का, हा विकासजीवशास्त्रातील जुना प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत तुतीची लागवड करून रेशीमकीटक पाळले जातात. हा सगळा व्यवसाय अंड्यातील भ्रूण इच्छेनुसार थांबवता आणि पुन्हा चालू करता येतो या एका गोष्टीवर उभा आहे.

काळ मोजण्याच्या पद्धती

भ्रूणाचे वय दिवसांत सांगणे सोपे असले तरी फारसे विश्वसनीय नसते. एकाच कोंबडीची दोन अंडी एकाच वेळी उबवायला ठेवली, तरी तिसऱ्या दिवशी त्यांतील भ्रूण थोडे पुढेमागे असू शकतात. म्हणून अभ्यासक वयाऐवजी अवस्था मोजतात. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था निश्चित केल्या. त्या आजही प्रयोगशाळांत प्रमाण मानल्या जातात. मानवी भ्रूणाच्या पहिल्या आठ आठवड्यांसाठी कार्नेगी अवस्था वापरतात. त्यांची संख्या २३ आहे. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काचपात्रात वाढवून अभ्यासण्याची परंपरा रुजवली. या पद्धतीत विकासाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर घडताना पाहता येतात.

मराठीत रूढ असलेला 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेब वैद्यकातील २८० दिवसांच्या गणनेच्या अगदी जवळ जातो. मात्र ते २८० दिवस शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात. गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होत असल्याने भ्रूणाचे प्रत्यक्ष वय जन्माच्या वेळी २६६ दिवसांच्या आसपास असते.

ज्या प्राण्यांचे शरीरतापमान परिसरानुसार बदलते, त्यांच्यात भ्रूणाचा वेगही परिसराच्या तापमानावर अवलंबून असतो. ठरावीक मर्यादेत ऊब वाढली की विकास भरभर होतो, कमी झाली की मंदावतो. अशा प्राण्यांसाठी नुसते दिवस न मोजता दिवस आणि तापमान यांचा एकत्रित हिशेब करतात. त्याला अंश-दिवस म्हणतात. येथे वेग बदलला तरी विविध पायऱ्यांना लागणाऱ्या वेळांचे परस्पर प्रमाण साधारण कायम राहते, म्हणजे सगळा विकास एकसारखा ताणला किंवा आक्रसला जातो. सुप्तावस्था ही याहून निराळी गोष्ट आहे. तीत अनुकूल ऊब मिळत असूनही भ्रूण एका ठरावीक पायरीवर थांबतो आणि विशिष्ट संकेत मिळाल्याखेरीज पुढे जात नाही.

रेशीमकीटकाचे अंडे

तुती रेशीमकीटक, अर्थात बॉम्बिक्स मोरी, याच्या अंड्यात भ्रूणाच्या सुप्तावस्थेचा सर्वांत सखोल अभ्यास झाला आहे. वर्षात किती पिढ्या होतात त्यावरून या कीटकाच्या जातींचे एकपिढी, द्विपिढी आणि बहुपिढी असे प्रकार करतात. बहुपिढी जातींची अंडी घातल्यापासून सुमारे दहा दिवसांत फुटतात. एकपिढी जातींची अंडी हिवाळा काढल्याशिवाय फुटत नाहीत. द्विपिढी जाती दोन्ही प्रकारची अंडी घालू शकतात, आणि कालनियंत्रणाच्या दृष्टीने त्याच सर्वांत उद्बोधक आहेत.

सुप्तावस्थेत जाणारे अंडे डोळ्यांनी ओळखता येते. घातल्यावर ते फिकट पिवळे असते. दोन-तीन दिवसांत भ्रूणाभोवतीच्या सेरोसा या आवरणात रंगद्रव्य साठून ते गडद तपकिरी होते. सुप्तावस्थेत न जाणारे अंडे अळी बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत फिकटच राहते. आत भ्रूणाचा डोक्याकडील भाग रुंद झालेला असतो, शरीराचे खंड पडू लागलेले असतात, आणि तेथेच पेशीविभाजन थांबते. साठवलेल्या ग्लायकोजेनचे सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल यांत रूपांतर होते. सुप्तावस्था संपताना ही संयुगे पुन्हा ग्लायकोजेनमध्ये बदलतात आणि पुढील विकासासाठी वापरली जातात.

आईचा वाटा

थांबायचे की नाही हा निर्णय भ्रूण स्वतः घेत नाही. तो आईच्या शरीरात आधीच झालेला असतो. मादी कोषातील अवस्थेत असताना तिच्या अन्ननलिकेखालील चेतागुच्छातून एक संप्रेरक स्रवते. ते अंडाशयापर्यंत पोहोचले की तेथील अंडी पुढे सुप्तावस्थेत जातात. या संप्रेरकाचे अस्तित्व जपानी संशोधक फुकुदा आणि हासेगावा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला स्वतंत्रपणे दाखवून दिले. ते २४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे.

त्याहून आश्चर्यकारक बाब अशी की हे संप्रेरक स्रवायचे की नाही, हे ती मादी स्वतः अंड्यात भ्रूण असताना ठरते. द्विपिढी मादीचे अंडे २५ अंश तापमानात आणि उजेडात उबवले, तर ती मोठी झाल्यावर सुप्त अंडी घालते. तेच अंडे १५ अंशांत आणि अंधारात उबवले, तर तिची अंडी न थांबता फुटतात. निसर्गात याचा अर्थ सरळ आहे. थंड वसंतातील अंड्यातून आलेल्या मादीपुढे अख्खा उन्हाळा असतो. तिच्या पिल्लांना तुतीचा पाला मिळणार असतो. उन्हाळ्याच्या उजेडात उबलेल्या मादीची पिल्ले मात्र हिवाळ्याच्या तोंडावर सापडतील. जपानी शास्त्रज्ञांनी २०१४ साली असे दाखवले की भ्रूणातील ट्रपए१ हे तापमानसंवेदी प्रथिन सुमारे २१ अंशांच्या वर सक्रिय होते आणि पुढच्या पिढीच्या सुप्तावस्थेची साखळी तेथून सुरू होते. एका पिढीच्या भ्रूणाने घेतलेल्या उबेची नोंद दुसऱ्या पिढीच्या भ्रूणाचा वेग ठरवते.

हा गुण आईकडून येत असल्यामुळे संकरात कोणत्या जातीची मादी घेतली यावर सर्व अवलंबून असते. बहुपिढी 'प्युअर म्हैसूर' मादी आणि द्विपिढी 'सीएसआर-२' नर यांच्या संकराची अंडी न थांबता दहा-अकरा दिवसांत फुटतात. दोन्ही बाजूंनी द्विपिढी असलेल्या संकराची अंडी मात्र काही उपाय केल्याशिवाय थांबूनच राहतात. द्विपिढी संकराचा धागा लांब आणि दर्जेदार असल्याने त्याला पसंती मिळते. त्यामुळे हा उपाय टाळता येत नाही.

सुप्तावस्था मोडणे

निसर्गात सुप्तावस्था थंडीने मोडते. अंडी सुमारे ५ अंश तापमानात दोन ते तीन महिने राहिली की ऊब मिळताच विकास पुन्हा सुरू होतो. येथे थंडी भ्रूणाला नुसती झोपवत नाही, तर जागे होण्याची तयारी करून देते. उबदार जागी ठेवलेले सुप्त अंडे महिनोन्महिने तसेच राहते. ही थंडी किती काळ झाली याचा हिशेब अंड्यात कसा राहत असावा, या प्रश्नातून जपानमध्ये एका विकराचा शोध लागला. आवश्यक थंडीचा काळ पूर्ण होण्याच्या सुमारास त्याची क्रियाशीलता थोड्या वेळासाठी एकदम वाढते. वाळूच्या घड्याळासारखे त्याचे काम चालते, म्हणून त्याला कालमापक विकर असे नाव दिले गेले. जपानमधील अराफुने येथे खडकांच्या फटींतून येणाऱ्या थंड हवेवर अंडी साठवण्याची कोठारे बांधली होती. तोमिओका रेशीम गिरणीसह ते स्थळ २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

तीन महिने थांबण्याची सोय नसेल तर आम्लप्रक्रिया करतात. घातल्यापासून सुमारे २० तास झालेली, म्हणजे भ्रूण अजून थांबलेला नाही अशी, अंडी १.०७५ विशिष्ट गुरुत्वाच्या आणि ४६ अंश तापमानाच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे पाच मिनिटे बुडवून लगेच पाण्याने धुतात. ही अंडी सुप्तावस्थेत न जाता सरळ पुढे वाढतात. वेळ चुकली तर प्रक्रिया वाया जाते: फार लवकर केली तर कोवळा भ्रूण मरतो, फार उशिरा केली तर तो तोवर थांबलेला असतो. याखेरीज चार, सहा आणि दहा महिन्यांची शीतसाठवण वेळापत्रके आहेत. त्यांत टप्प्याटप्प्याने तापमान बदलून हव्या त्या हंगामासाठी अंडी राखून ठेवतात.

मराठवाड्यातील अंडी उबवण

एका मादीने घातलेल्या, रोगमुक्त असल्याची खात्री केलेल्या अंड्यांच्या समूहाला अंडीपुंज म्हणतात. एका पुंजात साधारण ४०० ते ५०० अंडी असतात. शंभर अंडीपुंजांची बॅच घेणाऱ्या शेतकऱ्याच्या संगोपनगृहात त्यामुळे चाळीस ते पन्नास हजार अळ्या एकदम वाढतात. त्या एकाच दिवशी जन्मल्या तर एकाच दिवशी कात टाकतात, एकाच दिवशी पाला खायला उठतात आणि एकाच वेळी कोष विणायला लागतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने जन्मल्या, तर काही अळ्या कात टाकण्यासाठी स्तब्ध असताना बाकीच्यांना पाला घालावा लागतो. मागे राहिलेल्या अळ्या पाल्याखाली दबतात, रोग पसरतो, चंद्रिकेवर चढण्याची वेळ जुळत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने भ्रूणाच्या वेगातील फरक असा थेट कोषांच्या वजनात दिसतो.

म्हणून उबवणगृहात तापमान २५ अंश, आर्द्रता सुमारे ८० टक्के आणि दिवसाला १६ तास उजेड असे प्रमाण ठेवतात. अंडे फुटण्याच्या सुमारे ४८ तास आधी कवचातून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसू लागतो. तो अळीच्या डोक्याचा असतो. दुसऱ्या दिवशी सगळे अंडे निळसर करडे होते. ठिपका दिसला की अंडी काळ्या कागदात किंवा काळ्या कापडात गुंडाळून अंधारात ठेवतात. तयार झालेल्या अळ्या अंधारात अंड्यातच थांबतात, मागे पडलेल्यांना तेवढा अवधी मिळतो. ठरल्या दिवशी सकाळी एकदम उजेड दिला की बहुतेक अळ्या त्याच सकाळी बाहेर पडतात. ही युक्ती साधी दिसते. पण अंडे फुटण्याच्या क्षणाचे नियंत्रण विकासाच्या वेगापासून वेगळे असते, हे तिच्यातून स्वच्छ दिसते.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. अशा वेळी वाहतुकीत किंवा वीज गेल्यावर अंडी तापली तर विकास भराभर होत नाही, बिघडतो. भ्रूण सुकून मरतात किंवा अंडी मागेपुढे फुटतात. त्यामुळे अंडीपुंज पहाटे किंवा रात्री नेण्याची पद्धत आहे. आता बरेच शेतकरी अंडी स्वतः न उबवता चॉकी केंद्रांतून दुसरी कात टाकलेल्या अळ्या विकत घेतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे. जालन्यात २०१८ साली कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. त्यापूर्वी अनेक शेतकऱ्यांना कोष कर्नाटकातील रामनगरला न्यावे लागत.

विदर्भातील टसर रेशीमकीटक या बाबतीत वेगळा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा हा कीटक कोषातील अवस्थेत सुप्त होतो. त्याचा भ्रूण न थांबता वाढतो. विराम कोणत्या पायरीवर घ्यायचा हे प्रत्येक वंशात स्वतंत्रपणे ठरत गेले आहे.

अन्य प्राण्यांतील विराम

खुडूक होण्यापूर्वी कोंबडी रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते, पण पिल्ले मात्र जवळपास एकाच दिवशी निघतात. घातलेल्या अंड्यातील भ्रूण साधारण २० ते २१ अंशांखाली थांबून राहतो. कोंबडी उबवायला बसली की सर्वांचा विकास एकदम सुरू होतो. व्यावसायिक हॅचरीत अंडी आठवडाभर थंड ठेवतात ती याच आधारावर.

समुद्री कासवांत भ्रूण मादीच्या अंडनलिकेतच, प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे, अगदी सुरुवातीच्या पायरीवर थांबतो. अंडी वाळूत घातल्यावर काही तासांत विकास पुन्हा सुरू होतो आणि भ्रूण कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो मरण्याचा धोका असतो. कोकणात वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम उभे केले. तेथील स्वयंसेवकांना घरटे सापडताच अंडी लवकर आणि न हलवता सुरक्षित जागी न्यावी लागतात, ती या कारणाने. पिल्ले निघण्यास ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू जितकी उबदार तितके दिवस कमी. हेच तापमान पिल्लांचे लिंगही ठरवते आणि उबदार वाळूत माद्या अधिक निपजतात. किनारे तापत गेल्यास विकासकाळ घटण्यापेक्षा नर दुर्मीळ होणे ही अधिक गंभीर बाब ठरेल.

सस्तन प्राण्यांत शंभराहून अधिक जातींमध्ये भ्रूण गर्भाशयात रुजण्यापूर्वी थांबून राहतो. युरोपातील रो हरणात हा विराम जवळपास पाच महिन्यांचा असतो. वटवाघळांत काळ लांबवण्याचे अनेक मार्ग आढळतात. नागपूर येथे ए. गोपालकृष्ण यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून भारतीय वटवाघळांच्या भ्रूणविज्ञानाचा दीर्घ अभ्यास केला. काही जातींत मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि फलन पुढे ढकलते. काटेकोरपणे पाहिल्यास हा भ्रूणाचा विराम नव्हे. आखूड नाकाच्या फलाहारी वटवाघळात मात्र रुजलेल्या भ्रूणाची वाढच हिवाळ्यात मंदावते. त्यामुळे तिची वर्षातील पहिली गर्भधारणा दुसरीपेक्षा लांबते. सह्याद्रीच्या सड्यांवरील पावसाळी डबक्यांत आढळणाऱ्या फेअरी श्रिम्प या कवचधारी प्राण्यांचे थांबलेले भ्रूण उन्हाळाभर कोरड्या मातीत टिकतात आणि पहिल्या पावसाबरोबर जागे होतात.

पेशींतील घड्याळ

पाठीचा कणा, बरगड्या आणि पाठीचे स्नायू भ्रूणातील कायखंडांपासून बनतात. हे कायखंड डोक्याकडून शेपटीकडे एकामागून एक, ठरावीक अंतराने तयार होतात. जोनाथन कुक आणि ख्रिस्तोफर झीमन यांनी १९७६ साली असे सुचवले की पेशींत एक दोलायमान घड्याळ असावे आणि त्यावरून सरकणारी एक लाट प्रत्येक ठोक्याला एक खंड पाडत असावी. १९९७ साली ऑलिव्हिए पुर्किए यांच्या गटाला कोंबडीच्या भ्रूणात ९० मिनिटांच्या आवर्तनाने चालू-बंद होणारे जनुक सापडले. नवा कायखंड पडण्यासही तेवढाच वेळ लागतो. झेब्रामाशात हा काळ सुमारे ३० मिनिटे, उंदरात दोन तासांहून थोडा अधिक आणि माणसात पाच ते सहा तास आहे. सापाच्या तीनशेहून अधिक मणक्यांचे रहस्यही येथेच आहे. त्याच्या भ्रूणात वाढीच्या मानाने घड्याळ जलद चालते, त्यामुळे खंड लहान आणि पुष्कळ पडतात.

ठोका कसा पडतो हे बरेचसे उलगडले आहे. घड्याळातील जनुकापासून बनलेले प्रथिन त्याच जनुकाला बंद करते. प्रथिन नष्ट झाले की जनुक पुन्हा चालू होते. प्रथिन बनण्यास आणि नष्ट होण्यास लागणारा वेळ म्हणजेच घड्याळाचा काळ.

उंदीर आणि माणूस

जनुके जवळपास तीच असताना माणसाचे घड्याळ उंदराच्या निम्म्याहून कमी वेगाने का चालते, यावर २०२० साली दोन गटांनी प्रयोग प्रसिद्ध केले. मिकी एबिसुया यांच्या गटाने मूलपेशींपासून दोन्ही प्राण्यांचे घड्याळ काचपात्रात चालवले. उंदराच्या पेशीत घड्याळाचे मानवी जनुक घातले तरी ते जवळपास उंदराच्याच वेगाने चालले. म्हणजे फरक जनुकाच्या अक्षरांत नसून पेशीच्या अंतर्गत परिस्थितीत होता. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील जेम्स ब्रिस्को यांच्या गटाला मज्जारज्जूतील चेतापेशी तयार होताना असेच आढळले. मानवी पेशींना सुमारे अडीचपट वेळ लागला आणि त्यांतील प्रथिने साधारण दुप्पट काळ टिकत होती.

एबिसुया यांच्या गटाने पुढे ससा, गाय, मार्मोसेट माकड आणि पांढरा गेंडा यांच्याही पेशी तपासल्या. घड्याळाचा काळ प्राण्याच्या वजनाशी जुळला नाही. गेंड्याचे घड्याळ माणसापेक्षा जलद निघाले. तो जुळला भ्रूणविकासाच्या एकूण लांबीशी. २०२३ साली पुर्किए यांच्याच गटाने पेशीतील तंतुकणिकांच्या श्वसनाकडे लक्ष वेधले. उंदराच्या पेशी वजनाच्या मानाने अधिक वेगाने ऊर्जा वापरतात. मानवी पेशींतील चयापचयाचा समतोल बदलून प्रथिननिर्मितीचा वेग वाढवला असता त्यांचे घड्याळही जलद झाले. त्याच वर्षी मेंदूतील चेतापेशींबाबतही असाच निष्कर्ष आला: मानवी चेतापेशींना प्रौढ होण्यास लागणारा दीर्घ काळ तंतुकणिकांची क्रिया वाढवून कमी करता येतो. मात्र चयापचयाचा हा वेग प्रत्येक जातीत मुळात कशामुळे ठरतो, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.